ऑरिनचा उजवा हात

ब्रँटन, इलिनॉय
१७ जुलै १९४९

प्रिय मिसेस लिंडहोल्म,

तुमचं पत्र मिळालं. ऑरिन घरी ‘मी मजेत आहे’ यापलीकडे काही लिहीत नाही, तेव्हा तो जेवतो काय आणि खेळतो कसा हे घरमालकीण म्हणून मी कळवावं, असं तुम्ही लिहिलंत. कळवते. पण एक सांगून ठेवते, बेसबॉलबद्दल मला विचारणं म्हणजे नळ उघडून बाहेर निघून जाण्यासारखं आहे. माझे यजमान फ्रँक गेल्यापासून माझ्या माडीवर दर उन्हाळ्यात आमच्या ब्रँटन फेरीमेन संघाचा कोणी ना कोणी खेळाडू राहतो. पण तुमच्या मुलासारखा पिचर या गावाने पाहिलेला नाही, आणि उकडलेल्या बटाट्यांवर त्याच्याइतकं लोणी घालणारा माणूसही नाही.

आम्ही सध्या दुसरे आहोत. पहिले केल्सी सिटीवाले. त्यांचं नाव या घरात जेवताना काढायचं नाही असा नियम आहे. ब्रँटनने लीगच्या पहिल्या नंबरचा झेंडा शेवटचा जिंकला तेव्हा मी लग्नाची होते. त्यानंतर फ्रँकने इतक्या वेळा दुसरा नंबर पाहिला, की शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय’ विचारलं तर म्हणाला, ‘दुसरा नंबर.’

या वर्षी मात्र ऑरिन आहे. जूनमध्ये तो चेंडू असा फेकायचा की कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज नदीच्या पुलावर ऐकू यायचा. आता तर तो आणखी हुशार झालाय. चार जुलैच्या सामन्यापासून त्याने तो वेग जवळजवळ सोडूनच दिलाय. हळू, वळणारे चेंडू टाकतो. बॅटर बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मागून सावकाश येतो. गावातले म्हातारे म्हणतात, पोरगा या वयातच मुरलाय. काल असाच जिंकला. मी मैदानातल्या पायऱ्या चढत-उतरत इतकी ओरडले की आज घसा बसलाय. पायऱ्या मी अजून मुलीसारख्या चढते, हे तेवढं माझं मीच सांगते.

काळजी नसावी.

आपली,
लिओना गॅरिटी

&nbsp;

डन्स क्रीक, नेब्रास्का
२५ जुलै

प्रिय मिसेस गॅरिटी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मिस्टर लिंडहोल्मना मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्याकडचं रेडिओ स्टेशन इथे लागत नाही. वर्तमानपत्रात तुमच्या लीगचे फक्त आकडे येतात, तेही शिळे.

मला खेळातलं कळतं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं विचारायला बरं. ऑरिन लहान होता तेव्हा इथे त्याचे चेंडू झेलायला कोणी नव्हतं. त्याच्या वडिलांना शेतातून सवड नसायची. म्हणून कोठाराच्या मागे मी बसायचे. तो सोळा वर्षांचा होईपर्यंत मी त्याची कॅचर होते. माझ्या डाव्या हाताचं एक बोट त्यामुळे कायमचं वाकडं आहे. चर्चमध्ये मी ते दुसऱ्या हाताखाली ठेवते.

ऑरिनला हळू चेंडू आवडत नाही. लहानपणी मी सांगूनही तो टाकायचा नाही. म्हणायचा, ‘ही तर फसवाफसवी झाली.’ तो शहाणा झाला असेल तर आनंद आहे. पण एका दिवसात, चार जुलैला, कोणी मुरत नाही.

तो चेंडू अजून खांद्यावरून टाकतो, की हात खाली आणून बाजूने? सकाळी केस कोणत्या हाताने विंचरतो? एवढं बघून कळवा. मी विचारलं असं त्याला सांगू नका.

तुमची,
आल्मा लिंडहोल्म

&nbsp;

ब्रँटन
९ ऑगस्ट

प्रिय मिसेस लिंडहोल्म,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पीच बरण्यांत भरायचे दिवस आहेत, शिवाय गावात दुसरं काही सुचेनासंच झालंय. केल्सी सिटीवाले लागोपाठ हरले. आमच्यात आणि त्यांच्यात आता एकाच सामन्याचं अंतर आहे. न्हाव्याच्या दुकानात फळा लावलाय, त्यावर रोज कोण किती मागे ते खडूने लिहितात, आणि लोक केस कापायचे नसले तरी आत जाऊन बसतात. आमच्या फादरनी परवा प्रवचन आवरतं घेतलं, कारण दीड वाजता सामना होता. ते म्हणाले देवालाही घाई आहे.

केल्सीकडे तो क्रॅट्झ आहे, डावखुरा, बैलासारख्या मानेचा. तो मैदानात आला की आमच्या बायका विणकाम खाली ठेवतात. गुरुवारी ऑरिनने त्याला तीनदा बाद केलं. तिसऱ्या वेळी तर क्रॅट्झ बॅटकडे असा बघत राहिला, जणू बॅट कोणी बदलून दिलीय. मी शेजारच्या अनोळखी माणसाची टोपी हवेत उडवली. ती सापडली नाही. शेवटच्या आठवड्यात वरच्या लीगच्या क्लबचा माणूस आमचे खेळाडू पारखायला येणार आहे, आणि तो कोणासाठी येतोय हे ब्रँटनमधलं शेंबडं पोरही सांगेल.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल: पुरुषमाणसाच्या केस विंचरण्याकडे मी कशाला बघू? हात कुठून येतो हे आमच्या जागेवरून नीट दिसत नाही. खाणं उत्तम आहे. काल डुकराच्या मांसाचे तीन तुकडे खाल्ले.

आता पुरे करते. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन यायचंय. माझ्या गुडघ्याला चोळायचं मलम पुन्हा संपलं.

आपली,
लिओना गॅरिटी

&nbsp;

डन्स क्रीक
१५ ऑगस्ट

मिसेस गॅरिटी,

तुमच्या पहिल्या पत्रात तुम्ही मुलीसारख्या पायऱ्या चढत होतात. मग मलम कोणाच्या गुडघ्याला लागतंय?

चार पानं तुम्ही केल्सी सिटीबद्दल लिहिलीत आणि माझ्या प्रश्नाला बगल दिलीत. झेंडा तुम्हाला किती हवाय ते मला कळतं. मलाही हवाय. पण माझे दीर ओल यांचा खांदा धान्य मळायच्या यंत्रात गेला होता. आज ते मुलीच्या लग्नाच्या फोटोत एका हाताने टोपी धरून उभे आहेत, दुसरा हात आहे पण नुसता लटकलेला. घोड्याला लगाम घालायचा तर बायकोला हाक मारतात. ऑरिनला बेसबॉल आणखी दहा वर्षं असेल. हात त्याला त्यानंतरही लागणार आहे.

हो की नाही, एवढंच लिहा.

आल्मा लिंडहोल्म

&nbsp;

ब्रँटन
२४ ऑगस्ट

प्रिय मिसेस लिंडहोल्म,

हो.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. ते मी पिठाच्या डब्यामागे खोचून ठेवलं. मग आज सकाळी ऑरिन खाली आला. त्याला सदरा घालताना मी जिन्यात पाहिलं. डाव्या हाताने उजवं कोपर धरून वर उचलतो आणि बाहीत सारतो, पेंढा भरलेल्या बाहुलीचा हात सारावा तसा. माझी चाहूल लागली तसा हसला आणि म्हणाला, ‘कॉफी झाली का, मिसेस गॅरिटी?’ कपही त्याने डाव्याने उचलला.

मलम मीच चोळते. जुलैपासून. चार जुलैला खांद्यात काहीतरी ‘चट्’ झालं, असं त्याने मला सांगितलं आणि बायबलवर हात ठेवायला लावून कोणाला सांगणार नाही असं वदवून घेतलं. मी शपथ पाळली म्हणून गप्प राहिले, असं तुम्हाला लिहायचं मनात होतं. पण तसं नाही. शनिवारी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली तेव्हा झेंडा मागितला. खांद्याची आठवण मला पायऱ्या उतरताना झाली. परत आत गेले नाही, कारण मैदानाचं फाटक उघडायची वेळ झाली होती.

आता आमची आणि केल्सीची बरोबरी आहे. शेवटचा सामना लेबर डेच्या सुट्टीच्या सोमवारी, त्यांच्याशीच, इथेच. पारखी त्याच दिवशी येतोय. मॅनेजर हॅस्केलला खांद्याचं माहीत नाही, किंवा माहीत असून तो दुसरीकडे बघतो. त्याचीही नोकरी त्या झेंड्यावर टांगलेली आहे.

तुम्ही म्हणाल तर उद्या जाऊन हॅस्केलला सांगते. ऑरिन माझं तोंड पाहणार नाही आणि गावही. पण सांगेन. मला घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. लवकर कळवा.

लिओना गॅरिटी

&nbsp;

डन्स क्रीक
२९ ऑगस्ट

मिसेस गॅरिटी,

हॅस्केलला काही सांगू नका. मी येते. शनिवारी दुपारच्या बसने. ऑरिनला बोलू नका, नाहीतर तो मला न येण्याची शंभर कारणं लिहून पाठवेल.

माझी झोपायची सोय कुठेही चालेल. खरं लिहिलंत त्याबद्दल आभार.

आल्मा लिंडहोल्म

&nbsp;

ब्रँटन
११ सप्टेंबर

प्रिय आल्मा,

आता ‘मिसेस लिंडहोल्म’ लिहायला हात धजत नाही. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तू माझ्याच सुरीने बटाटे सोललेस, आणि मी साल जाड काढते म्हणून मला बोललीस. तेव्हा आता तूच.

सामन्यात तू सहाव्या इनिंगला उठून खाली गेलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघं निघालात. त्या रात्री घरात सामन्याचा शब्द कोणी काढला नाही. पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल, आणि ऑरिन विचारणार नाही. म्हणून लिहिते.

तू गेलीस तेव्हा आपण तीन-एकने पुढे होतो. ऑरिनने टोपी काढली, आपल्याकडे बघितलं, तशी तू उठलीस, आणि हॅस्केल यायच्या आधीच तो चेंडू कॅचरच्या हातात देऊन चालू लागला. मैदान गप्प झालं. दुखतंय असं काही त्याने दाखवलं नाही, लंगडला नाही, खांदा धरला नाही. लोकांना काही कळेना. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. एकटीच. तेवढ्या मोठ्या मैदानात एका बाईच्या टाळ्या कशा वाटतात ते मला आता माहीत आहे.

माझ्या मागे दाणेवाला मर्ल ऑट बसला होता. तो म्हणाला, ‘भ्यालं पोरगं. क्रॅट्झ पुढे येतोय बघून भ्यालं.’

मी म्हटलं, ‘मर्ल, तू आयुष्यात फेकलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शेंगदाण्याची टरफलं.’

‘तुझ्या घरी राहतो म्हणून बोलतेस.’

‘माझ्या घरी राहतो म्हणून मला माहीत आहे,’ मी म्हटलं, आणि तिथेच थांबले, कारण आणखी बोलले असते तर रडले असते.

झेल्को आला त्याच्या जागी. तू त्याला पाहिलंस, लांब मानेचा. त्याने बरं निभावलं. आठव्या इनिंगपर्यंत तीन-दोन. नवव्यात दोघं बाद झाले, एक जण बेसवर, आणि क्रॅट्झ आला. लोक कुंपणाशी जाऊन उभे राहिले होते, पोरांनी झेंड्याचा खांबही धरून ठेवला होता. क्रॅट्झने दुसराच चेंडू मारला. तो वर गेला तेव्हाच मला कळलं. नदीत पडला असं म्हणतात. मी बघितलं नाही, मी खाली बघत होते. चार-तीन. आपल्या शेवटच्या पाळीत एकही धाव निघाली नाही. पुन्हा दुसरा नंबर.

दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. किराणावाल्याने माझं सामान मुकाट्याने बांधलं. मग हॅस्केलनेच न्हाव्याकडे सगळ्यांसमोर सांगितलं की पोराचा खांदा जुलैपासून गेला होता. त्यानंतर मर्ल ऑट माझ्या दारात पीचची टोपली ठेवून गेला. माझ्याकडे एवढ्या बरण्या भरलेल्या असताना. त्याला दुसरं काही सुचलं नसेल.

आता मला एक सांग. रविवारी दुपारी तुम्ही दोघं परसात चेंडू खेळत होतात. मी खिडकीतून पाहिलं, ऐकू काही आलं नाही. थोडेच चेंडू झाले असतील. मग तो बराच वेळ चेंडू हातात धरून उभा राहिला, तू ग्लोव्ह काढलास, आणि दोघं आत येऊन पीचची पाई खात बसलात. मला वाटलं होतं तू त्याला घेऊन जाशील. मग सोमवारी तो खेळला कसा? आणि तू खेळू कसं दिलंस?

तुझी,
लिओना

&nbsp;

डन्स क्रीक
३ ऑक्टोबर

प्रिय लिओना,

क्रॅट्झचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी बसमध्येही तोच विचार करत होते की झेल्कोने त्याला चेंडू वर टाकला असेल की खाली.

तू विचारलंस ते सांगते. मी त्याला न्यायलाच आले होते. परसात त्याला म्हटलं, ‘टाक बघू.’ पहिला चेंडू आला तसाच मला कळलं. कोठारामागे बारा वर्षांचा असताना यापेक्षा जोरात टाकायचा. काही चेंडूंनंतर त्याने टाकणं थांबवलं.

मी म्हटलं, ‘कधी सांगणार होतास?’

‘आता सांगतोय.’

‘सामान बांध. सकाळी निघू.’

तो म्हणाला, ‘आई, हॅस्केलला सांगितलं तर उद्या घरी. खेळलो तर परवा घरी. वरच्या लीगचा माणूस मूर्ख नाही, त्याला पहिल्या इनिंगलाच दिसेल. ते संपलंय. मला एवढंच हवंय की शेवटच्या सामन्यात चेंडू मी टाकलेला असावा.’

तो असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी भांडायची तयारी करून आले होते, लिओना. वाटेत प्रत्येक थांब्यावर वाक्यं जुळवत होते. तो अजून स्वतःला फसवतोय असं धरून ती जुळवलेली. तो फसवत नव्हता.

मग ठरलं. बोटांना चेंडू जाणवेनासा झाला की त्याने टोपी काढायची आणि वाद न घालता बाहेर यायचं. तोवर मी जागेवरून उठायचं नाही. पाच इनिंग मी तुझ्या शेजारी बसले, तू मला शेंगदाणे देत होतीस आणि केल्सीवाल्यांच्या आयांचा उद्धार करत होतीस. मी एकही शेंग सोलली नाही. माझ्या कोटाच्या खिशात त्या अजून आहेत. दर चेंडूला मला वाटायचं, उठावं, आत जावं, कॉलर धरून आणावं. आणि लिओना, मधूनच मला असंही वाटायचं, अजून एक बाद, अजून एकच. तू मेणबत्तीबद्दल लिहिलंस तेव्हा मी तुला मनात फार कठोर बोलले होते.

खाली गेले तेव्हा तो बर्फाच्या टबात खांदा घालून बसला होता. हॅस्केल दारात उभा राहून टोपी फिरवत होता. वरच्या क्लबचा माणूस आत आला, त्याने ऑरिनचा डावा हात हातात घेतला, ‘क्रॅट्झला कसं टाकायचं ते तुला कळलं होतं,’ म्हणाला, आणि गेला. बस, तेवढंच.

इथल्या डॉक्टरांचं म्हणणं, हात खांद्यापर्यंत वर येईल. त्यावर नाही. लगाम घालता येईल. फेकता येणार नाही.

तो घरात टिकत नाही. जेवतो आणि उठतो, रस्त्याने पार डाकपेटीपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. मका काढायला वडिलांबरोबर जातो, पण मध्येच काम टाकून बांधावर उभा राहतो. बेसबॉलचा शब्द काढत नाही. मोठ्या लीगची अंतिम मालिका सुरू होतेय. मिस्टर लिंडहोल्मनी तिच्या बातम्यांसाठी रेडिओ लावला तर हा बाहेर निघून गेला. मीही मग बंद करायला सांगितला. बघ, मला ऐकायचा होता.

तुझी,
आल्मा

&nbsp;

ब्रँटन
१६ एप्रिल १९५०

प्रिय आल्मा,

हिवाळाभर आपण एकमेकींना लोणची, सर्दी आणि माझ्या गळक्या छपराबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं. पण आता पुढच्या मंगळवारी फाटकं उघडतायत आणि मला दुसऱ्या कशाबद्दल लिहिता येईल असं वाटत नाही.

सामन्याला जायचंच नाही असं फेब्रुवारीत ठरवलं होतं. तुझ्या मुलाचा हात गेला आणि मी तिथे पुन्हा ओरडायला जायचं, हे बरं दिसत नाही असं वाटायचं. मग काल सराव बघायला नुसती कुंपणापर्यंत गेले. संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

हॅस्केलला काढलं. नवा मॅनेजर कॅन्ससचा आहे. झेल्को आहे. माझ्या माडीवर यंदा पिचर नाही, शॉर्टस्टॉप आलाय, मोडॅनो नावाचा, सगळ्यावर टोमॅटोचा रस्सा मागतो. केल्सीचा क्रॅट्झ वरच्या लीगला गेला, म्हणजे तिकडे भगदाड आहे. माझ्या मते यंदा आपलं जमतंय.

पण हे सगळं तुला लिहू की नको? तुमच्या घरी माझं पत्र आलं आणि त्यात बेसबॉल निघाला तर ऑरिनला कसं वाटेल? तू नको म्हणालीस तर मी छपराबद्दलच लिहीन. वाईट वाटून घेणार नाही.

तुझी,
लिओना

&nbsp;

डन्स क्रीक
२४ एप्रिल

प्रिय लिओना,

तुझं पत्र ऑरिनने डाकपेटीतून आणलं. मी कणीक मळत होते, हात भरलेले होते, म्हणून म्हटलं, ‘वाच.’ त्यात काय असेल याचा मला विचारच सुचला नाही. त्याने वाचायला सुरुवात केली. कॅन्ससच्या मॅनेजरपाशी त्याचा आवाज थांबला. मी वर पाहिलं नाही, मळत राहिले. मग त्याने पुढचं वाचलं, तुझ्या ‘लिओना’पर्यंत.

कागदाची घडी घालून म्हणाला, ‘या बाईंना काही कळत नाही.’

मी म्हटलं, ‘का?’

‘क्रॅट्झ गेला म्हणून काय झालं? केल्सीकडे तीन पिचर आहेत. ब्रँटनकडे झेल्को आहे, आणि झेल्को जुलैनंतर उभा राहत नाही. चौथे येतील फार तर.’

‘चौथे?’ मी म्हटलं. ‘झेल्कोने तुझ्यामागून येऊन तीन इनिंग धरून ठेवलं होतं.’

‘आणि चौथ्यात घालवलं.’

‘तो दमला होता.’

‘तेच तर म्हणतोय मी, आई.’

त्याचे वडील आत आले तेव्हा तो टेबलावर मीठदाणी, मिरपूड आणि साखरेचं भांडं मांडून मला केल्सीचे पिचर दाखवत होता, आणि मी त्याचं ऐकून घेत नव्हते. जेवण गार झालं. मिस्टर लिंडहोल्मनी मीठ मागितलं तर ऑरिन म्हणाला, ‘थांबा, ते लागतंय.’

मी म्हणते दुसरे. तो चौथ्यावरून हटत नाही. मंगळवारी काय झालं ते लगेच कळव. झेल्को किती इनिंग टिकला ते नक्की लिही.

तुझी,
आल्मा